क्रेनवाल्याला उचलायचं म्हणजे

जिमचा जिना चढून वर पोचले तेव्हा तिथल्या ट्रेनर पोरीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आंटी, वेट लॉस?"

मी आधीच वैतागलेली होते. भिलाईतल्या सुपेल्याच्या चौकात ऑटोवाल्यानं भलतीकडेच उतरवलं होतं. हातगाड्या आणि मोटारसायकली चुकवत मी भर बाजारातून चालत आले होते. खाली टायरचं दुकान आणि वर जिम, अशा त्या इमारतीचा जिना सापडेपर्यंत घाम निघाला होता. अंगात सलवार-कमीज, पायात मुलाचे जुने बूट, तेही मोठे होत होते म्हणून पुढे कापूस कोंबलेले. साठी ओलांडलेल्या बाईनं अशा अवतारात जिमच्या दारात उभं राहायचं म्हणजे स्वतःचं हसंच करून घ्यायचं.

"लॉस नहीं," मी म्हणाले. "वेट उठाना है."

"कितना?"

"मेरे मिस्टर जितना."

ती फिदीफिदी हसली. मी हसत नाही हे लक्षात आल्यावर मात्र तिनं हातातला मोबाइल बाजूला ठेवला आणि मला बसायला स्टूल दिलं.

माझे मिस्टर भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. मिलच्या छताखाली, खूप उंचावरच्या केबिनमध्ये बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. खाली लालबुंद लोखंड आणि कानठळ्या बसवणारा आवाज. वरच्याचं खाली आणि खालच्याचं वर ऐकू येणं शक्यच नसे. म्हणून खाली उभा असलेला माणूस हातानं खुणा करायचा आणि हे वरून हूक हलवायचे. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. तळहात आडवा धरला की थांब. इतकी वर्षं या खुणांवर काढलेला माणूस घरी आला तरी त्या सोडत नसे. मी पोळी वाढायला गेले की बोट खाली करून फिरवायचे, म्हणजे येऊ दे. पोट भरलं की तळहात आडवा. मी म्हणायचे, "तोंड हाय ना तुमाले? मी काय मिलमधी उभी हाओ?" ते हसायचे आणि पुन्हा तीच खूण करायचे.

रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडलं आणि आम्ही स्मृती नगरात घर बांधलं. थोडे दिवस सुखाचे गेले आणि मग त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणंही जवळजवळ गेलंच, एकेक शब्द घशातून ओढून काढावा लागे. डावा हात तेवढा शाबूत राहिला. दवाखान्यात मी पलंगाची उशाकडची बाजू वर करायला वाकले, तर तो हात उठला आणि बोट वर करून हळूहळू फिरलं. मी तिथंच रडायला लागले. नर्सला वाटलं काही बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. माझा माणूस आत पुरता शिल्लक आहे हे मला त्या बोटानं सांगितलं होतं.

घरी आणल्यावर सकाळच्या वेळेला एक अटेंडंट ठेवला. त्याला घाई फार. दोन्ही हात धरून यांना तो धान्याच्या पोत्यासारखं ओढायचा, आणि एकदा न्हाणीघरात दोघंही घसरले. मी धावत गेले तर हे ओल्या फरशीवर पडलेले, कपडे अर्धे अंगावर, अर्धे नाहीत, आणि डावा तळहात आडवा. थांब, थांब, थांब. त्या दुपारी ते आजारपणातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "मले... हा माणूस... नको." त्याला त्याच दिवशी काढलं आणि यांचं सगळं मी पलंगावरच करायला लागले.

मुलगा हैदराबादेत नोकरीला आहे. त्याला फोन केला तर त्यानं रायपूरच्या एका सेंटरचं नाव सांगितलं. अशा पेशंटना तिथंच ठेवून घेतात, उचलायला माणसं असतात, मशीनसुद्धा असतं. मुलगा वाईट नाही. लांब राहून त्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. फोन स्पीकरवर होता आणि यांचा तळहात आडवा झाला होता. मी मुलाला म्हणाले, "पप्पा नाही म्हणून राहिले."

"मम्मी, प्रॅक्टिकल सोच. तू अकेली उनको उठा सकती है क्या? नहीं ना?"

ते 'नहीं ना' माझ्या डोक्यात गेलं. उचलता येत नाही एवढ्याच कारणासाठी माणसाला घराबाहेर ठेवायचं? मी म्हणाले, "शिकते उचलायचं. त्यात काय हाय?" तो म्हणाला, दिवाळीत येतो तेव्हा ठरवू. म्हणजे दिवाळीपर्यंत मला यांना एकटीनं पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेता आलं पाहिजे होतं. आलं तर ते घरी राहणार होते. नाही आलं तर रायपूर.

अशी मी त्या जिममध्ये पोचले होते. रोज सकाळी तासभर यांच्यापाशी शेजारची मल्याळी बाई येऊन बसायची. मी ऑटोनं जायची आणि ऑटोनं यायची.

ट्रेनर पोरगी दुर्गकडच्या एका गावातली होती. वजन उचलण्याच्या स्पर्धांत भाग घ्यायची, गुडघा दुखावला म्हणून सोडलं, असं ती सांगे. जबडा सारखा चालू, तोंडात काहीतरी चघळणं, आणि एक डोळा मोबाइलवर. पहिले कित्येक दिवस तिनं मला वजनाला हातच लावू दिला नाही. झाडूचा दांडा पाठीला लावून उभं करायची आणि म्हणायची, वाका. दांडा डोक्याला, पाठीला आणि खाली माकडहाडाला टेकलेला राहिला पाहिजे. माझा कुठूनतरी सुटायचाच.

"झाडू तर मी घरीबी मारते," मी एकदा भडकून म्हणाले. "उसके लिए यहाँ आऊँ क्या?"

"आंटी, आप कमर से उठाती हो. कमर गई तो अंकल को कौन उठाएगा?"

मी पुन्हा दांडा पाठीला लावला. वाकत राहिले. चाळीस वर्षं मी कंबरेतूनच वाकत आले होते. पोछा, चूल, मुलगा, पाण्याच्या बादल्या, सगळं कंबरेनंच उचललं होतं, आणि आता ही पोरगी मला बसायला-उठायला शिकवत होती. मांड्या इतक्या दुखायच्या की ऑटोत चढताना मी दांडीला लटकायचे. आरशासमोर दंड फुगवणारी पोरं मला बघून आधी हसायची. नंतर त्यांनी हसणं सोडलं आणि नमस्ते करायला लागली. ते मला जास्त लागलं.

घरी आल्यावर यांना सगळं दाखवायला लागे. त्यांची खूणच असायची, बोट गोल फिरवून माझ्याकडं रोखायचं, म्हणजे काय शिकली ते दाखव. मी झाडू घेऊन पलंगासमोर वाकून दाखवायचे. ते मान हलवायचे. त्यांची पद्धत वेगळी होती. क्रेननं काहीही उचलायचं तर आधी जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकंच उचलायचं, थांबायचं, लोड कुठे कलतो का ते बघायचं, आणि मगच वर न्यायचं. "थोडं," ते म्हणायचे. "थांब. पाय. मंग." ट्रेनरचं याच्या उलट. ती म्हणायची, खालून निघालात की मध्ये थांबू नका, एका दमात वर. मी सुपेल्यात तिचं ऐकायची आणि घरी यांचं. दोन गुरू आणि दोघंही हट्टी, पण दोघांपैकी एकालाही मी नाराज केलं नाही.

मग रिकामा रॉड आला. मग त्याला दोन्हीकडून लहान प्लेटा लागल्या. ज्या दिवशी मला वाटलं आता येतं, त्या दिवशी घरी येऊन मी यांच्या काखेत हात घातले आणि उचलायला गेले. रॉड हलत नाही, माणूस हलतो. एक बाजू लुळी, दुसरी घाबरून ताठ. ते अर्धे उठले, माझ्या अंगावर कलंडले, आणि आम्ही दोघंही पलंगावर पडलो. ते खाली, मी वर. शेजारीण आत आली आणि बघून तशीच बाहेर गेली. हे हसत होते. अर्धं तोंड हसत होतं. मला मात्र रडू येत होतं, कारण दिवाळी जवळ यायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी ट्रेनरला सांगितलं तर ती थोडा वेळ चघळायचं विसरली. हा विचार तिनंही केला नव्हता. मग ती बाकावर आडवी झाली, हातपाय सैल सोडले आणि म्हणाली, "मैं अंकल हूँ. उठाओ." मी तिच्या काखेत हात घातला तर तिला गुदगुल्या झाल्या. लकवा झालेला माणूस खिदळतोय आणि मी त्याला दटावतेय, "चुप रहो अंकल," असं आमचं चाललं होतं. सगळी जिम बघत होती. पण त्यातूनच जमलं. आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा, त्यांची छाती आपल्या छातीशी आणायची, आपण मागे बसल्यासारखं करायचं, मग माणूस आपोआप उठतो. मिठी मारल्यासारखंच असतं ते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आम्ही दिवसाउजेडी अशी मिठी कधी मारली नव्हती.

रोज घरी मी यांना पलंगावरून जेमतेम सुटतील इतकं उचलून बघायचे, आणि एका सकाळी पुरतं जमलं. मी पलंगाशी उभी राहिले, यांना काठावर बसवलं, गुडघा लावला, छातीशी घेतलं. त्यांचं डावं बोट माझ्या पाठीवर वरच्या दिशेनं फिरलं. थोडं उचललं. तळहात पाठीवर सपाट टेकला, मी थांबले. पुन्हा बोट फिरलं. मी उभी राहिले, आणि तेही माझ्याबरोबर उभे होते. वळले, खुर्चीवर आणलं, बोट खाली फिरलं, सोडलं. खुर्ची करकरली. ते म्हणाले, "ओके."

मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. कुटुंबाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. नागपूर, भंडारा, दुर्ग, सगळीकडचे त्यात आहेत. त्यावर मी एकच ओळ टाकली, "आज सकाळी यांना उचललं." फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि यांना अंघोळ घालायला नेलं.

आमच्या नागपूरकडच्या माणसांत कोणी गेल्याची खबर आली की पहिला प्रश्न असतो, "कितीले उचलून राहिले?" म्हणजे मयत घरातून किती वाजता निघणार. आणि "उचललं" असं कळलं की समजायचं, निघाली, आता धावून उपयोग नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर ऐकलंय. पण दोन महिने माझ्या डोक्यात उचलणं म्हणजे गुडघा, छाती आणि रॉड एवढंच होतं. त्या ओळीत दुसरं काही वाचता येईल हे माझ्या मनाला शिवलंही नाही. भरीत भर म्हणजे मुलाचं उत्तर. तो भिलाईत हिंदीत वाढलेला, मराठी त्याला घरापुरती. त्याला या शब्दाचा तो अर्थ ठाऊकच नव्हता. त्यानं लगेच माझ्या ओळीखाली वर केलेला अंगठा आणि फुगवलेला दंड अशी चित्रं टाकली. बाप गेला आणि पोरगा अंगठा दाखवतो, म्हणून भंडाऱ्यात काय हलकल्लोळ झाला असेल ते मी नंतर ऐकलं.

मी यांना न्हाऊ-माखू घालून, स्वच्छ कपडे चढवून, खुर्चीसकट व्हरांड्यात उन्हाला बसवलं होतं. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि हंबरडा ऐकू आला.

"मायबाई! माहा दादा गेला वो! मले तोंडबी नाही पाहू देलं, अन् उचललं!"

माझी नणंद. यांची धाकटी बहीण, दुर्गला मोहन नगरात राहते. पांढरी साडी नेसलेली, हातात झेंडूचा हार, नवरा ऑटोवाल्याशी बोलत मागेच. ती रडत, धडपडत फाटकातून आत आली आणि समोर तिचा दादा, केस विंचरलेला, ऊन खात बसलेला. ती जागच्या जागी थिजली. यांनी तिच्याकडं पाहिलं. साडीकडं पाहिलं. आमच्यात बायका पौर्णिमेला विहारात जाताना पांढरी साडी नेसतात.

"पौर्णिमा?" हे म्हणाले.

मग नणंद मटकन खाली बसली, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून अजून मोठ्यानं रडायला लागली आणि रडता रडता मला शिव्या घालायला लागली. "असं लिवते का कोणी, वयनी? काही अक्कल?" मी आत जाऊन फोन बघितला. त्यावर एवढे फोन येऊन गेलेले की बघवेनात. मी घाईघाईनं लिहिलं, "जिवंत आहेत. खुर्चीत उचललं." यांना काय झालं ते समजावून सांगितलं, तर ते हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले. झेंडूचा हार त्यांनी डाव्या हातानं मागून घेतला आणि नणंदेच्याच गळ्यात घातला. इतकं हसताना मी त्यांना आजारपणात कधी बघितलं नव्हतं.

इथंच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

नणंद आलीच आहे तर जेवून जाईल म्हणून मी पोळ्या टाकल्या. पावसाळाभर तिचे गुडघे धरलेले होते, म्हणून ती दादाला भेटायला आली नव्हती. बऱ्याच दिवसांनी त्याला बघत होती. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचा हात एकाएकी थांबला.

"वयनी, दादा किती वाळला वो."

मला राग आला. "मंग काय मी उपाशी ठेवून राहिली त्याईले?"

"तसं नाही म्हणत. पण पाहा ना, बरगड्या लागून राहिल्या हाताले."

मी पाहिलं नाही. पाहायचं काय, मी तर रोज त्यांना हातात घेत होते. तिला माझी ताकद दाखवावी म्हणून मी खुर्ची ढकलत आत पलंगाशी आणली आणि म्हणाले, पाहा, तुमच्या भावाला कशी एकटीनं पलंगावर नेते. ती म्हणाली, "थांबा, मी धरते." मी म्हणाले, तुम्हाला जमायचं नाही, त्याला शिकावं लागतं. तोवर तिनं काखेत हात घातलेही होते. कंबरेतून वाकून, सगळं चुकीचं, दांडा लावला असता तर तीन ठिकाणी सुटला असता. आणि हे उठले. माझ्या त्या नणंदेनं, जिला घरातलं गॅसचं सिलिंडर सरकवता येत नाही, तिनं त्यांना उचलून पलंगावर बसवलं. तिला धापही लागली नाही.

मला ते कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम कळलं. गेले काही आठवडे जिममध्ये ट्रेनरनं प्लेटा वाढवल्याच नव्हत्या. रॉड होता तेवढाच होता. आणि तरी हे मला रोज थोडे सोपे जात होते. मला वाटत होतं, मला ताकद येतेय.

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर नणंद त्यांना भरवायला बसली होती. एक पोळी संपली असेल, तेव्हा ती म्हणाली, "आता तोंड कावून बंद केलं? हात आडवा कावून? अजून खा ना." मग पुन्हा तिचा आवाज, बारीक झालेला. "कावून नाही खात तू, दादा?"

"लोड," ते म्हणाले.

"काय?"

"लोड... कमी... करून राहिलो. तिच्यासाठी."

क्रेनवाल्याचं डोकं. ज्या क्रेनची ताकद तेवढी नाही तिच्या हुकाला लोड कमी लावायचा, इतका साधा हिशेब. मी सुपेल्यात जाऊन ताकद वाढवत होते आणि हे इथं पलंगावर बसून स्वतःला कमी करत होते. रोज तळहात आडवा, रोज एकच पोळी, आणि मला वाटायचं आजारी माणूस आहे, भूक मेली असेल. मी बिनघोरपणे उरलेली पोळी स्वतः खायची. ट्रेनर म्हणाली होती ना, आंटी, प्रोटीन लो, खाओ.

मी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आले. नणंद उठून भिंतीशी सरकली. मी यांच्यावर लग्नापासून इतकी कधी ओरडले नव्हते.

"कोणं सांगतलं तुमाले? मी म्हटलं होतं का, कमी खा म्हणून? मी कायले जाऊन राहिली तिकडे? त्या पोराईसमोर वाकून राहिली, लाज सोडून राहिली, ते कायच्यासाठी? तुमी असे हाडं होऊन बसले तर मी उचलू कोणाले?"

ते माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला.

"क्रेन," ते म्हणाले, "जुनी हाय."

आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. मी पलंगावर त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघं रडलो. नणंदही रडली. तिचं सकाळचं रडणं वाया गेलं होतं, ते आत्ता कामी आलं. मग मी ताट ओढलं, दुसरी पोळी घेतली, वरणात कुस्करली आणि म्हणाले, "क्रेन जुनी असन तर तिची कपॅसिटी मी पायते. तुमी एक पोळी वाढवा, मी एक प्लेट वाढवते." बायकोनं नवऱ्याशी असा सौदा करायचा असतो का, मला माहीत नाही. त्यांनी बोट खाली करून फिरवलं. येऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी ट्रेनरला म्हणाले, वजन बढाओ. ती म्हणाली, इतने में ठीक है आंटी, उमर देखो. मी तिला सगळं सांगितलं. तिनं तोंडातलं थुंकलं, मोबाइल खिशात घातला आणि निघून गेली. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत प्लेटा होत्या. डोळे तिनं पुसले होते, पण नीट पुसले नव्हते.

डॉक्टरलाही दाखवलं. त्यानं पावडरी दिल्या, अंडी सांगितली. हे निमूटपणे खायचे. मी रोज सकाळी त्यांना उचलायचे आणि उचलताना डोळे मिटून घ्यायचे, काही वाढलंय का ते अंगाला कळावं म्हणून. पुष्कळ दिवस काही कळलं नाही. मग एक दिवस ते मला जड गेले. गुडघे थरथरले, दम लागला, मध्येच पुन्हा पलंगावर टेकवावं लागलं. मी त्यांना म्हणाले, "जड झाले तुमी." ते लाजले. खरंच लाजले, नव्या नवरदेवासारखे. त्या दिवशी मी ऑटोतून जाताना सबंध रस्ताभर स्वतःशी हसत होते.

दिवाळीत मुलगा आला. मी त्याच्यासमोर त्याच्या पप्पांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवलं आणि पुन्हा खुर्चीतून पलंगावर. रात्री जेवताना त्यानं माझ्या ताटात त्याची पोळी ठेवली. रायपूरचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

थंडी संपता संपता एका पहाटे यांना दुसरा झटका आला. दवाखान्यात नेलं. दोन दिवस ते होते, पण डावं बोट फिरलं नाही. मी त्या बोटाकडं बघत बसले होते. मग ते गेले.

घरी आणलं तेव्हा अंगणात माणसं जमली होती. त्यांच्या मिलमधले जुने सोबती, गल्लीतले, नागपूर-भंडाऱ्याहून आलेले. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. विहारातून भंतेजी आले होते. शेवटच्या अंघोळीसाठी त्यांना व्हरांड्यातल्या पाटावर घ्यायचं होतं. मी पुढे झाले. पदर खोचला, पाय रोवले, हात त्यांच्या काखेकडे नेले. त्यांच्या मिलमधल्या एकानं मला खांद्याला धरून प्रेमानं मागे घेतलं. "वयनी, तुमी बसा. तुमच्याच्यानं होणार नाही. जड असते मयत."

तो चांगला माणूस होता. यांच्यावर त्याचा जीव होता. त्याला काय माहीत. मला सांगता आलं असतं की सरका, मी रोज उचलते. मी खोचलेला पदर सोडला. कोणीतरी यांचीच खुर्ची पुढं ओढली आणि मला तिच्यात बसवलं. चौघापाचजणांनी मिळून त्यांना धरलं. एकाचा हात सटकला, मान मागे गेली, दुसऱ्यानं सावरली. सगळे कंबरेतून वाकले होते. मी बघत बसले.

आता काही महिने झाले. ट्रेनर पोरगी अधूनमधून फोन करते, आंटी आओ ना. मी हो म्हणते आणि जात नाही. मुलगा हैदराबादला ये म्हणतो, त्यालाही हो म्हणते. पोरीनं जे अंगात भरलं ते काही गेलेलं नाही. पाण्याचा भरलेला ड्रम मी एका दमात सरकवते, शेजारणीचं कपाट मीच हलवून दिलं. सकाळी त्यांच्या वेळेला जाग येते, दोन्ही हात शिवशिवतात, आणि उचलायला घरात कोणी नाही.